मागं फिरायचं बटण

आमच्या घरात कॉम्प्युटर कधी आला नाही, पण त्याच्या तक्रारी मात्र दीड वर्ष रोज संध्याकाळी येत होत्या. आमचे हे, म्हणजे अंबादास सांगवडेकर, गडमुडशिंगीच्या पुढच्या एका खेड्यात दूध संस्थेचे हेडक्लार्क होते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून सायकलने जायचे, सायकलनेच यायचे. आले की सायकल भिंतीला टेकवायची, पायांवर पाणी घ्यायचं आणि पायपुसण्यावर उभ्या उभ्याच सुरुवात करायची, "आज त्यानं काय केलं माहीत आहे का?" मी दिवसभर शाळेत चौथीच्या वर्गाच्या तक्रारी ऐकून आलेली असायची. निदान त्या पोरांना छडी तरी दाखवता येते. ह्यांना काय दाखवणार?

ह्यांचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हा माणूस वस्तूंशीसुद्धा रीतीनं वागायचा. संस्थेतला टाइपरायटर ह्यांनी वीस वर्षं वापरला. संध्याकाळी त्याच्यावर खोळ घालताना न चुकता म्हणायचे, "येतो." लग्न झाल्यावर मी एकदा संस्था बघायला गेले होते. निघताना हे म्हणाले "येतो," मला वाटलं मलाच म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मी पण येतेच आहे की बरोबर." तेव्हा कळलं की निरोप यंत्राचा चालला होता. माझ्या वाट्याला नुसतं "चल" आलं.

तर अशा माणसाच्या गळ्यात सत्त्याऐंशी साली कॉम्प्युटर पडला. हातकणंगल्याकडच्या कुठल्याशा संस्थेनं घेतला, हे आमच्या चेअरमनच्या, सयाजीरावांच्या कानावर आलं. "मग आपून काय कमी हाय व्हय?" एवढंच बोलून ते राजारामपुरीत गेले आणि ऑर्डर देऊन आले. सर्वसाधारण सभेत गदारोळ झाला. सगळ्यांत मोठा आवाज आकारामचा. हा आकाराम म्हणजे संस्थेचा कायमचा विरोधी पक्ष. त्याचं दूध जरा पातळच असायचं, पण बोलणं घट्ट. तो उभा राहून म्हणाला, "म्हशीला कंप्यूटर दावला की दूध वाढणार हाय का?" सगळी सभा हसली. सयाजीरावांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "माणूस चुकतो. ह्यो कवा चुकत न्हाय!" पुढे जे काही झालं ते या एका वाक्यामुळं झालं.

कॉम्प्युटरला वेगळी खोली, दाराला पडदा, चपला बाहेर. गावातली माणसं दर्शनाला येऊन गेली. आणि ह्यांच्या तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार स्वागताची. "सकाळी चालू केला की नुसता काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक हिरवी रेघ लुकलुकत उभी. 'या' नाही, 'बसा' नाही. अगं, अनोळखी दारात गेलं तरी 'कोण पावणं?' म्हणून विचारतात." दुसरी तक्रार तोंडाची. एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं की हा इंग्रजीत लिहून मोकळा, की तुमचा हुकूम वाईट आहे. "वीस वर्षांत चेअरमननी मला कधी वाईट म्हटलं नाही. हा काल आला आणि म्हणतोय!" हे सांगताना ह्यांचा चेहरा खरंच पडलेला असायचा. मी हसायची, मग मलाच वाईट वाटायचं.

कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानाची इंजिनिअर पद्मजा महिन्यातून एकदा लुनावरून यायची. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, हुशार आणि शांत मुलगी. शांत होती म्हणून टिकली. तिनं ह्यांना समजावून सांगितलं, "काका, मशीन म्हणजे नुसतं लोखंड. त्याला उठवायचं, कामाला लावायचं, कुठली वस्तू कुठं ठेवली ते लक्षात ठेवायचं, हे सगळं आतली ऑपरेटिंग सिस्टिम करते."

"म्हणजे मशीनची बायको," हे म्हणाले. घरी येऊन मला हे सांगून वर हसले. मी हसले नाही.

मग बायकोकडून असाव्यात तशा अपेक्षा सुरू झाल्या. कोपऱ्यात एक घड्याळ पाहिजे, म्हणजे जेवायची वेळ कळेल. काळ्या पडद्याऐवजी एखादं चित्र पाहिजे, निदान रंकाळ्याचं तरी. फाइलीला आठ अक्षरांच्या वर नाव देता आलं पाहिजे, मोठ्या माणसांची नावं तोडून लिहायला जिवावर येतं. आणि दोन कामं एकदम उघडी ठेवता आली पाहिजेत. "आमच्या घरी ही एका शेगडीवर भात, दुसरीवर आमटी, मांडीवर पोरांच्या वह्या, आणि तोंडानं मला बोलत असते," हे पद्मजाला म्हणाले. "आणि तुमच्या ह्याला दुधाची यादी मिटल्याशिवाय पेंडीची उघडता येत नाही."

"काका, हे ह्यात नाही."

"मग घाला."

"ते अमेरिकेत करतात."

"मग त्यांना कळवा. म्हणावं, कोल्हापुरात सांगवडेकरांची अडचण होते आहे."

पण ह्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. पुसून टाक म्हटलं की तो पुसून टाकायचा. "अगं, 'खरंच का?' असं एका शब्दानं विचारत नाही," हे म्हणायचे. एकदा पेंडीची अख्खी यादी अशीच गेली. "घरात तुटकी बादली आपण आधी माळ्यावर टाकतो. वर्षभर कुणाला आठवण झाली नाही, की मग भंगारात. ह्याला माळाच नाही! टाकलं ते गेलंच." आणि सगळ्यांत मोठी मागणी एकच, मागं फिरायचं बटण. चुकीच्या गल्लीत शिरलो तर माणूस सायकल वळवतो की नाही? तसं एक बटण. दाबलं की मघाशी होतं तसं सगळं परत. ह्या एका बटणासाठी हे दर महिन्याला पद्मजाशी भांडायचे आणि ती दर महिन्याला चहा घेऊन 'नाही' म्हणून जायची.

पुढे या सगळ्या सोयी आल्या, असं आता ऐकते. ह्यांचं म्हणणं, पद्मजानं निरोप पोचवला असणार.

त्या मशीननं विचारलं नाही म्हणून हे घरी विचारायला लागले. मी म्हणायची, "उरलेली आमटी टाकून देऊ का?" हे म्हणायचे, "खरंच? हो की नाही?" जुनी चादर फाडून फडकी करू? खरंच? हो की नाही? एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी चालले माहेरी." सवयीनं ह्यांच्या तोंडून गेलं, "खरंच? हो की नाही?" मी म्हटलं, "हो!" आणि पिशवी भरायला घेतली. तेव्हा हे पायपुसण्यावर उभे राहून म्हणाले, "हे बघ, मला मागं फिरायचं बटण दे एकदा." दिलं. न देऊन जाते कुठं?

आता आक्कांचं सांगते. त्यांचं नाव चिमणाबाई, पण पोरासोरांपासून चेअरमनपर्यंत सगळे आक्काच म्हणायचे. संस्था सुरू झाली त्या पहिल्या सकाळी दूध घेऊन कुणी आलंच नव्हतं. दूध घेतील आणि पैसे बुडवतील, अशी सगळ्यांना धास्ती. माणसं झाडाखाली उभी राहून एकमेकांकडं बघत होती. तेव्हा आक्का आपल्या एकुलत्या म्हशीची चरवी घेऊन सगळ्यांच्या देखत आल्या आणि दूध ओतून म्हणाल्या, "बुडलं तर माजं बुडंल. तुमी बगत बसा." मग बाकीचे आले. त्या दिवसापासून पायंडा पडला, की सकाळी पहिलं दूध आक्कांचं. रांग किती का मोठी असेना, आक्का आल्याशिवाय कुणी किटली पुढं करायचं नाही. संस्थेच्या वर्धापनदिनाला पहिला नारळ आक्कांचाच. त्यांच्याकडं शेत ना पुढाऱ्याचं नातं, हाच एवढा मान होता, आणि तो त्या अगदी ताठ मानेनं घ्यायच्या.

अठ्ठ्याऐंशीत दिवाळीनंतर संस्थेचा रौप्यमहोत्सव आला. सगळ्या सभासदांना व्यासपीठावर बोलावून नारळ आणि स्टीलचा तांब्या द्यायचा ठरलं. कुणी कुणाच्या आधी जायचं, हा आमच्या भागात तांब्यापेक्षा मोठा प्रश्न. तांब्या कसलाही चालतो, नंबर चालत नाही. हे आठवडाभर घरोघर फिरले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, आणि मानाप्रमाणे सगळी नावं इंग्रजी अक्षरांत कॉम्प्युटरवर चढवली. सगळ्यांच्या वर चिमणाबाई. एवढं जमल्यावर ह्यांना जरा गंमत सुचली. पद्मजानं मागच्या खेपेला एक हुकूम दाखवला होता, तो दिला की कितीही नावं असोत, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एबीसीडीप्रमाणे लागतात. बघू तरी कसं दिसतं, मग परत होतं तसं करू, म्हणून ह्यांनी तो हुकूम दिला, आणि यादी जुन्याच नावानं ठेवली.

सगळी नावं उलटीपालटी होऊन बसली. आता परत करायला गेले, तर परत कुठलं? एकाच नावामुळं नव्या यादीनं मानाची यादी पुसून टाकली होती. आणि नेमके तेव्हाच सयाजीराव हातकणंगल्याच्या पाव्हण्यांना घेऊन खोलीत शिरले. "बगा, कशी झटक्यात यादी काडतोय! भाऊसाब, छापा!" हे काही बोलायला गेले, तर सयाजीरावांनी डोळे वटारले. पाव्हण्यांसमोर मशीनची अब्रू जायला नको. प्रिंटर करकरला, कागद निघाला, पाव्हणे थक्क झाले, आणि सयाजीरावांनी स्वतःच्या हातानं तो बाहेरच्या फळ्यावर लावला.

पहिलं नाव आकाराम.

आकाराम सातवी शिकलेला, सही इंग्रजीत करायचा. आपलं नाव त्यानं लांबूनच ओळखलं. जवळ गेला, बोट ठेवून बघितलं, आणि दुसऱ्या क्षणी तो कॉम्प्युटरचा भक्त झाला. "म्या आदीपास्नं म्हणत हुतो, मशीन चांगलं हाय," असं त्यानं चार लोकांत सांगितलं आणि कुणाला हसू आलं तर त्याच्याकडं रोखून बघितलं. संध्याकाळी त्यानं झेंडूचा हार आणून मशीनला घातला. हलगीवाल्यांना सुपारी दिली. गावात चर्चा सुरू झाली, की कंप्यूटरनं आकारामात असं काय बघितलं असेल? कुणी म्हणालं म्हशी मोजल्या असतील. कुणी म्हणालं, घराणं बघितलं असेल. दूध बघितलं असेल, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

ह्यांनी आकारामला समजावून सांगितलं, की ही नुसती अक्षरांची ओळ आहे, एबीसीडीत तुमचं अक्षर आधी येतं, बाकी काही नाही. तो म्हणाला, "मग त्यो बी मानच की! माज्या आईनं नाव ठिवलं तवाच ठरलंय." चेअरमनकडं गेले. सयाजीराव हळू आवाजात म्हणाले, "मलाबी कळतंय, भाऊसाब. पर आता काय कंप्यूटर चुकला म्हणू? आकारामापुढं? सभा माजं धोतार ठिवंल का?" यादी फळ्यावर राहिली. त्यात आक्का आकारामच्या खाली, आप्पांच्या खाली, बाळाबाई, बनाबाई, बायडाबाई, सगळ्यांच्या खाली कुठंतरी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळी आकाराम किटली घेऊन रांगेत सगळ्यांच्या पुढं उभा राहिला. महोत्सवाच्या गडबडीमुळं हेही पहाटेच संस्थेत गेले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. आक्का चरवी घेऊन आल्या, नेहमीसारख्या सरळ पुढं गेल्या, आणि थांबल्या. आकाराम म्हणाला, "आक्का, यादी बगा की फळ्यावरची." आक्का बाजूला सरकल्या. "असूं दे. मशीननं सांगितलंय न्हवं," एवढंच म्हणाल्या, आणि चरवी तशीच घेऊन घरी गेल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही आल्या नाहीत.

चरवी परत गेली त्या संध्याकाळी हे पायपुसण्यावर थांबलेच नाहीत, सरळ आत आले. ताट वाढलं तर तसंच पुढं घेऊन बसले. मग म्हणाले, "एका बटणात मी त्या बाईचा पंचवीस वर्षांचा मान काढून घेतला. आणि परत द्यायचं बटण कुणी केलेलंच नाही." मला ह्यांची फार कणव आली. राग आला तो त्या सयाजीरावाचा. एवढं मोठं पागोटं, आणि त्याच्याखाली एक 'चुकलं' ठेवायला जागा नाही!

मीच म्हटलं, "अहो, चेअरमनना कॉम्प्युटर चुकला म्हणायचं नाही ना? मग म्हणू नका. त्याला फक्त नवीन माहिती द्या. वयाप्रमाणे लावा यादी. आक्का थोरल्याच आहेत, आपोआप वर येतील." ह्यांनी घास घेतला. सयाजीरावांनाही कल्पना पटली. वयाचा मान सगळ्यांना मान्य, आणि लावणार कॉम्प्युटरच. आकाराम तर इतक्या पटकन 'हो' म्हणाला, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी वयं गोळा करायला मीही ह्यांच्याबरोबर गेले. बायका बाईला वय सांगतील, असा हिशेब. सांगितलं की! एका दिवसात अख्खं गाव म्हातारं झालं. ज्यांची लेकरं माझ्या चौथीत शोभतील असे बाप साठीचे निघाले. चेअरमन स्वतः पन्नाशीच्या आतले, ते म्हणाले एक्क्याऐंशी. बनाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा वय वाढवून सांगितलं असेल, तेसुद्धा तीस वर्षांनी. आकारामच्या घरी गेलो तर तो सोप्यात मांडी घालून तयारच होता.

"सगळ्यात मोठं किती लिव्हता येतं?" त्यानं विचारलं.

"दोनच आकड्यांची जागा ठेवली आहे," हे म्हणाले.

"मग नव्व्याण्णव लिव्हा."

चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. मी विचारलं, "आणि ह्या कोण?"

"आई माजी. बायडाबाई."

"तुमचं वय किती हो, आजी?"

"चौऱ्याहत्तर हाय बग, पोरी," म्हातारी म्हणाली, आणि मुलाकडं बघतच राहिली.

शेवटी आक्कांच्या घरी गेलो. त्या म्हशीला पाणी दाखवत होत्या. ह्यांना बघून चहा टाकायला निघाल्या, म्हणजे राग माणसावर नव्हता. वय विचारलं तर म्हणाल्या, "मला कुटलं ठावं? दुष्काळात जल्मले म्हनं, कंच्या दुष्काळात ते इचारायचं ऱ्हायलं. ह्या म्हशीचं इचारा, महिन्यासकट सांगते."

मी न राहवून म्हटलं, "आक्का, सगळ्यांनी वाढवून सांगितलंय. तुम्हीपण सांगा काहीतरी मोठं. नव्व्याण्णव सांगा."

आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी चौथीत गेले. "म्या दुदात कवा पानी घाटलं न्हाय," त्या म्हणाल्या. "वयात कशापाय घालू?"

आक्कांच्या नावापुढं ह्यांनी काहीच लिहिलं नाही. मोकळी जागा ठेवली. कल्पना माझी होती, आणि तिचा बोजवारा मी स्वतः घरोघर फिरून गोळा केला होता.

त्या संध्याकाळी पद्मजा आमच्याकडं आली. महोत्सवासाठी प्रिंटरची फीत बदलायची होती, ती द्यायला. मी भडंग आणि चहा पुढं ठेवला. ह्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "आता वयाप्रमाणे लावायचं म्हणजे थोरला आधी, धाकटा नंतर, असंच येईल ना?"

"नाही काका. मशीन आपलं आपण लहान आकड्याकडून मोठ्याकडं जातं. थोरला आधी पाहिजे असेल, तर हुकुमापुढं एक खूण टाकावी लागते."

"आणि ज्याच्यापुढं आकडाच नाही?"

"मोकळी जागा? ती सगळ्या आकड्यांच्या आधी येते. एकदम वर."

ह्यांची भडंगाची मूठ तोंडाशी जाता जाता तशीच राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आणि ती खूण टाकायला माणूस विसरला तर?"

पद्मजा चहा पीत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "माणूस विसरतो, काका. माणूसच तो."

सोमवारी संध्याकाळी दूध घालून झाल्यावर सगळं गाव संस्थेसमोर जमलं. मीही शाळेतून परस्पर गेले. कॉम्प्युटरच्या खोलीचा पडदा वर बांधलेला, खिडकीत माणसं, दारात माणसं. पद्मजा फीत बदलायला आलेली, प्रिंटरपाशी उभी. आकाराम फेटा बांधून, हलगीवाल्यांना घेऊन उभा. आक्का येणार नव्हत्या, त्यांना बायडाबाई हाताला धरून घेऊन आली आणि दोघी मागं पायरीवर बसल्या. सयाजीराव घसा खाकरून म्हणाले, "मंडळी, जे यील ते मान्य करायचं. नंतर कुरकुर चालायची न्हाय. माणूस चुकतो, ह्यो..."

"चुकत न्हाय!" आकाराम सगळ्यांच्या वरच्या पट्टीत ओरडला. "मान्य हाय!"

ह्यांनी हुकूम दिला. खूण टाकली नाही. मी खिडकीतून ह्यांचे कान बघत होते, ते लाल झाले होते. प्रिंटर करकरायला लागला आणि कागद वर सरकला. ह्यांनी वाचलं, "चिमणाबाई."

सगळ्यांनी एकदम कागदाकडं बघितलं. मग पायरीकडं माना वळल्या. त्यापुढं नाव आलं बाळाबाईच्या सुनेचं, जी नुकतीच सभासद झाली होती आणि जिनं बिचारीनं खरं वय सांगितलं होतं. मग तिच्यासारखेच दोन-चार कोवळे. मग खरं सांगणारे, मग थोडं वाढवणारे, मग खूप वाढवणारे. चेअरमन बरेच खाली गेले. आकारामचा चेहरा कागदाबरोबर लांब होत चालला. आणि सगळ्यांत शेवटी, जिथं प्रिंटर थांबला, तिथं आकाराम, वय नव्व्याण्णव.

"उलटं लागलंय!" तो गरजला. "मागं फिरवा! मगाशी हुतं तसं करा!"

हे खुर्चीवरून उठले. हात जोडले. इतक्या शांतपणे बोलताना मी ह्यांना कधी बघितलं नव्हतं. "आकारामभाऊ, मी दीड वर्ष ह्याच बटणासाठी भांडतोय. हवं तर या पद्मजाबाईंना विचारा. ह्यात मागं फिरायची सोय नाही."

सगळ्यांनी पद्मजाकडं बघितलं. ती प्रिंटरची जुनी फीत गुंडाळण्यात गढून गेली होती. मान वर न करता म्हणाली, "नाही. अजून आलेली नाही."

यात एक शब्द खोटा नव्हता. मी दोघांचीही साक्ष द्यायला तयार आहे.

आकाराम चेअरमनकडं वळला. पण सयाजीरावांचंच वाक्य त्यांच्यासमोर उभं होतं, आणि आत्ताच ते आकारामनं सगळ्या गावासमोर पुरं केलं होतं. तेवढ्यात मागून बायडाबाईचा आवाज आला. "बराबर लावलंय मशीननं! माज्या पोटचं प्वार माज्यापरीस थोरलं झालंय. त्याला तळालाच घालाय पायजे!" पहिल्यांदा बायका हसल्या. मग सगळं गाव हसलं. हलगीवाल्यांना वाटलं हीच खूण, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आकारामनंच पैसे दिले होते.

सगळे पांगल्यावर ह्यांनी कॉम्प्युटर बंद केला, त्याच्यावर खोळ घातली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्याला म्हणाले, "येतो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "चला." म्हणजे वीस वर्षांनी माझीही बढती झाली.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी रांगेत सगळ्यांच्या पुढं आक्का होत्या. आकाराम मागं कुठंतरी किटलीकडं बघत उभा होता. दुपारी व्यासपीठावर पहिला नारळ आक्कांनी घेतला, तांब्या घेतला, आणि खाली उतरून सरळ कॉम्प्युटरच्या खोलीकडं आल्या. चपला बाहेर काढल्या. नारळ काखेत धरून त्या काळ्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊसाब," त्या म्हणाल्या, "समद्यांची वयं सांगितली ह्येनं. माजं किती म्हणतोय?"

"तुमचं काहीच म्हणत नाही, आक्का. तुमच्यापुढं जागा मोकळी आहे."

आक्कांनी मान डोलावली. मग त्या पडद्यासमोर तो मानाचा नारळ ठेवला आणि पदर सावरत म्हणाल्या, "शाणा हाय. बाईमाणसाचं वय काडत न्हाय."